चार पॉइंट नऊच्या पुढे

जळगावात केळी पिकवण्याच्या खोल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी सात जणांची एक कंपनी आहे. मिसबाह पिंजारी तिथे गिऱ्हाइकांचे फोन घेते. वडील गाद्या भरतात. घरात कॉम्प्युटर शिकलेली ती पहिलीच. कंपनीत दर पंधरा दिवसांनी नवी आवृत्ती निघते आणि ती गिऱ्हाइकाच्या गळी उतरवायची ते मिसबाहने. आकडा मात्र प्रोग्रॅमर रेहान ठरवायचा. 4.7, 4.8, 4.9, आणि ऑक्टोबरात 4.10.

4.9 मध्ये एक चूक राहिली होती. खोली तापली तरी मोबाइलवर इशारा जात नसे. 4.10 मध्ये ती दुरुस्त झाली आणि मिसबाहने सगळ्यांना तसं कळवलं. तरी दहा दिवसांनी फैजपूरहून फोन आला : एका खोलीतला सगळा माल मऊ पडला, इशारा आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने फैजपूरला गेली. खोल्यांवर देखरेख करणारे झुलाल आबा मूळचे नरडाण्याकडचे, बोलण्यात अहिराणी. त्यांच्या मोबाइलवर अजून 4.9 च होती.

"आबा, नवीन का नाही घेतलं?"

"नवं कसं, बेटा? चार पॉइंट दहा म्हणजे चार पॉइंट एक. नऊपेक्षा ल्हानं शे. मांगलं कसाले लेवानं?"

मागची आवृत्ती कशाला घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. शाळेत मिसबाहही हेच शिकली होती. आबा रागावले नव्हते, उलट आपलंच चुकलं असं धरून बसले होते. तेच तिला जास्त लागलं.

सोमवारच्या बैठकीत तिने हे सांगितलं.

"जगभर असंच लिहितात," रेहान म्हणाला. "ते टिंब दशांशाचं नसतं. नववीनंतरची दहावी, इतकंच."

"सरळ 5.0 करा," मालक ललितभाऊ म्हणाले. "दिसायलाही बरं."

"मग 5.9 नंतर परत तेच," मिसबाह म्हणाली. "वर्ष आणि महिना लिहू. पुढे त्या महिन्यातली कितवी, ते. महिना कायम दोन अंकी. 2025.11.1."

रेहानने खरी अडचण काढली. खोलीतल्या भिंतीवरच्या, तापमान मोजणाऱ्या जुन्या पेट्यांशी नवं सॉफ्टवेअर जुळणार नसलं, की टिंबाआधीचा पहिला आकडा तो बदलायचा. "तारखेवरून ते कसं कळणार?"

बैठक काही न ठरताच उठली.

दोन दिवसांनी रेहानच तिच्या टेबलाशी आला. "पेटीला वेगळा आकडा देतो. सॉफ्टवेअर तो आपला आपण तपासून घेईल. लोकांना फक्त तुझा दिसेल."

जानेवारीत आठवडाभर फोन येत राहिले : आमचं मागच्या वर्षाचं दिसतंय, बिघडलं का? हे काही आधी मिसबाहच्या ध्यानात आलं नव्हतं. बिघडलेलं नाही, डिसेंबरातलं आहे, असं ती प्रत्येकाला सांगत गेली. त्यातल्या बहुतेकांनी फोनवर असतानाच नवीन घेतलं.