आमचे थोरले साडू आणि बांधावरचं तण

आमच्या थोरल्या साडूंइतका एका जागी न टिकणारा माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दुसरा नसेल. शेळगावला त्यांची ओलिताखालची जमीन आहे. टोमॅटो, भेंडी असा माल निघतो. पण साडूंचा जीव रमतो तो पिकात नव्हे, बांधावरच्या तणात. मुलगी नोकरीला लागली आणि तिनं हौसेनं घेतलेला कॅमेरा घरी राहिला, तेव्हापासून तो यांच्या गळ्यात आहे. कुर्डूचा तुरा, एकदांडीचं इवलं फूल, गाजरगवताचं पानसुद्धा त्यांनी असं टिपलंय की आपण हे रोज पायाखाली तुडवतो यावर विश्वास बसू नये. त्यासाठी ते कुठंही पालथे पडतात. त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसायचं म्हणजे जिवाशी खेळ. एकदा बारामतीहून येताना त्यांनी असा ब्रेक मारला की मी त्यांच्या पाठीवर आदळलो. मी सावरेपर्यंत साडू रस्त्याकडेच्या चारीत उतरून आडवेही झाले होते. "पाव्हणं, सावली पाडू नका," वर तोंड न करता एवढंच म्हणाले.

मुलीचं लग्न ठरवायला पणदऱ्याला गेलो तेव्हा तर कहर झाला. बोलणी ऐन भरात आली आणि मुलीचा बापच जागेवर नाही. मुलाचे वडील स्वतः शोधायला उठले, मागोमाग आम्ही. साडू सापडले गोठ्यामागं, रुईच्या झुडपाखाली. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाला शेण लागलेलं. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मेव्हणी, शरमेनं दुसरीकडं बघू लागली. मुलाच्या वडिलांनी मात्र कॅमेऱ्यातलं चित्र बराच वेळ निरखलं आणि हळूच विचारलं, "हे आमच्याच गोठ्यामागं हाय व्हय?" लग्न जमलं. त्याचं श्रेय साडू आजही रुईला देतात.

मागच्या वर्षी साडू चालताना दाराच्या चौकटीला धडकू लागले. बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं मीच घेऊन गेलो. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली रोज थेंब घालून जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस जरा टेकेल. तर पायरी उतरता उतरता म्हणाले, "निरवांगीच्या माळावर जाऊन यायचं का? आत्ताच."

त्यानंतर त्यांच्या पायाला जी भिंगरी लागली ती लागलीच. उजाडलं की बाहेर. ताटावरून उठून बाहेर. आपल्याला अजून काय काय बघायचं राहिलंय याची यादी ते बोलता बोलता करत आणि मध्येच उठून जात. शेवटी अक्कानं मोटारसायकलची किल्ली लपवली. दोन दिवस साडू अंगणातच येरझाऱ्या घालत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का चपला घालून दारात उभी राहिली. म्हणाली, "चला. मी येते संगं. पन चालत."

जिचं अर्धं आयुष्य खुरप्यानं तण काढण्यात गेलं, ती आता ते शोधत हिंडते. परवा शेळगावला गेलो तर दोघं बांधावर होती. साडू पालथे, आणि अक्का उकिडवी बसून गोखरूची वेल जमिनीवरून अलगद उचलून धरत होती. काटे बोटांना टोचत असणार.

"पाकळ्या किती हायत?" साडूंनी विचारलं.

"पाच. एक किड्यानं खाल्लीया. दुसरं फूल बघू का?"

"नगं. तीच माझ्याकडं कर."

तिनं वेल जराशी वळवली. वाऱ्यानं फूल हलत होतं. साडू चुळबुळले, सरकले, पुन्हा सरकले. तिनं दुसऱ्या हाताचा आडोसा केला.

"आता काढा निवांत," ती म्हणाली, "मी हलत न्हाय."

सावली पडू नये म्हणून मी दोन पावलं मागं सरलो आणि बांधाखाली तसाच उभा राहिलो.