खडकात अडकलेला कागद

छत्रपती संभाजीनगरहून निघालेल्या बसने दौलताबाद मागे टाकलं आणि रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या दिसू लागल्या. मी मात्र पुण्याहून आले होते ती एका भेगेसाठी. खडकातल्या भेगांमधून पाणी आणि त्यातला गाळ कसा वाहतो, हे पाहणं माझं काम. भिंतीला तडा गेला तरी हिला आनंद होतो, असं घरचे म्हणतात.

फाट्यावर माझी कॉलेजातली मैत्रीण शबाना उभी होती. तिचे अब्बा, रशीदभाई, हातकागद करतात. चिंध्यांचा लगदा हौदात घोळतात आणि वापरलेलं, तंतू मिसळलेलं पाणी मागच्या खड्ड्यात सोडतात. उताराखाली लक्ष्मीबाईंची विहीर. त्या मेंढ्या राखतात, रोज वर चहाला येत. यंदा आजूबाजूच्या विहिरी भरल्या, पण त्यांचा झरा करंगळीएवढाच उरला. “तुमच्या हौदानं माझा झरा खाल्ला,” एवढं बोलून त्यांनी येणं सोडलं. तेव्हापासून अब्बांना जेवण गोड लागत नव्हतं.

“बेटा, असंल ते खरं सांग. माझी भीड नको धरू,” ते म्हणाले.

खड्ड्यातलं पाणी विहिरीत उतरतं का ते बघायला, जर्दा या गोड भातात घालतात तो केशरी रंग मी खड्ड्यात ओतला. थोडा माझ्याच ओढणीवर सांडला. “आता तुलाच शिजवते,” शबानाची अम्मी म्हणाली. तिने शिजवला मात्र खलिया, आणि तो मटणाचा रस्सा नानबरोबर मी लाज सोडून खाल्ला.

सकाळी आम्ही विहिरीच्या पायऱ्या उतरलो. लक्ष्मीबाई जरा लांबच उभ्या राहिल्या. काळ्या खडकाच्या भेगेतून येणारं पाणी फिकट केशरी होतं. मी ते फडक्यातून गाळलं. फडक्यावर एकही तंतू नव्हता.

“म्हंजे माझा लगदा इथं येत नाय,” अब्बा म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला.

मला गप्प बसावंसं वाटलं, अगदी मनापासून. तरी सांगितलं. भेग आतून खडबडीत असते, कुठं रुंद, कुठं केसाएवढी. पाणी वाट काढतं, पण तंतू कंगोऱ्यांना अडकतात, त्यांना आणखी तंतू अडकतात. लगदा इथं येत नाही, कारण तो मधेच साठतोय. झरा त्यानेच बारीक झालाय.

अब्बा पायरीवर बसले. “खड्डा आजच बुजवतो. पाणी गाळून झाडांना घालीन.”

“गाळायला माझं जुनं घोंगडं घ्या,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “आत गेलंय ते निघंल का?”

“सांगता येत नाही.”

लक्ष्मीबाईंनी भेगेतल्या बारीक धारेखाली बोट धरलं. “नाय निघालं तर नाय. रशीदभाई, मी पाण्याला वर येत जाईन. चहा मातुर ठिवा.”

अब्बांनी मान डोलावली.

परतीच्या बसमध्ये मी सीताफळ खात बसले, पण मन लागेना. झरा मी वाचवला नव्हता. एका भल्या माणसाला त्याची चूक तेवढी दाखवून आले होते, आणि त्याचं मला वाईट वाटत होतं.

काही दिवसांनी शबानाला फोन केला, झऱ्याचं विचारलं.

“तसाच आहे गं,” ती म्हणाली. “लक्ष्मीबाई पाण्याला येतात आणि गप्पांच्या नादात हंडा इथंच विसरतात. अब्बा आत्ता तोच पोचवायला गेलेत.”