मावससासूबाईंची खाडाखोड

माझ्या मावससासूबाईंइतकं मन लावून रागावणारं माणूस समुद्रपूर तालुक्यात दुसरं नाही. एसटी उशिरा आली की त्या कंडक्टरला झापतात, बातम्या वाचणाऱ्याला टीव्हीसमोर बसून झापतात, उतू गेलेल्या दुधालाही सोडत नाहीत. मला झापायचं असलं की आधी डोक्यावर पदर घेतात, कारण मी पडलो जावई. मग 'तुमी' म्हणत सोलून काढतात. एकदा गावात महिला सक्षमीकरणाचं शिबिर भरलं. साहेब बायकांना बोलायला शिकवणार होते. बाईंनी दोन तास साहेबांनाच बोलू दिलं नाही.

त्यांचा खरा वैरी मात्र एक शब्द होता, लाभार्थी. त्या बचत गटाच्या अध्यक्ष. गटाला सरकारी योजनेतून डाळ गिरणीचं यंत्र मिळायचं होतं. शेडच्या विटा बारा बायकांनी डोक्यावर वाहिलेल्या, तूर त्यांच्याच शेतातली, आणि अर्जावर छापलेलं 'लाभार्थीची सही'. बाईंनी 'लाभार्थी'वर काट मारून वर लिहिलं, 'कर्ती'. मी तालुक्याच्या कचेरीत कारकून, त्यामुळे अर्ज माझ्याच टेबलावर आला. खाडाखोड चालत नाही, म्हणून मीच तो परत पाठवला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्या स्वतःच आल्या, पदर सारखा केला.

"जवाईबापू, भीक मांगून राह्यलो का आमी? भिंती आमी बांधल्या, राबणार आमी, मंग लाभार्थी काऊन?"

मी नियम सांगितला. सांगताना त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण त्यांचं बरोबर होतं आणि वरच्या साहेबांना तसं एक ओळ लिहून कळवायची माझी हिंमत नव्हती. असली नोकरी काय कामाची?

तोवर तुरीचा हंगाम आला. यंत्र नाही म्हणून बायका जाम गावच्या व्यापाऱ्याला पडेल भावात पोती देऊ लागल्या. शेवटी गटाची बैठक बसली. कोरा अर्ज घेऊन मीही गेलो. नेहमी भिंतीला टेकून गप्प बसणारी, गटातली सगळ्यात गरीब बाई उठली.

"काकू, तुमीनंच मले बोलाले शिकोलं. तुमचं खरं हाय. पण आमाले यंदा गिरणी पायजे."

तिनं हात वर केला. मग एकेक करत अध्यक्षांचा सोडून अकराही हात वर गेले. मावससासूबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. "बरं बोलली तू," एवढंच म्हणाल्या आणि जिथे छापलं होतं तिथे मुकाट्यानं सही केली.

गिरणी आता जोरात चालते, डाळही चांगली निघते. त्या अर्जाची फाईल माझ्याच कपाटात आहे. कधी लागली तर मी शिपायाला काढायला सांगतो; स्वतः उघडून ती सही पाहायची माझी हिंमत होत नाही.