तपासणाऱ्याची सही

ऑफिसात त्याला सगळे ‘तपासनीस’ म्हणत. बीमचा हिशेब एकाने करायचा, दुसऱ्याने तपासायचा आणि कागदाच्या कोपऱ्यात दोघांनी सह्या करायच्या, असा तिथला शिरस्ता. अठ्ठावीस वर्षं दुसरी सही त्याची. शिअर स्ट्रेस, म्हणजे खांबालगत बीमला कात्रीसारखा कापू पाहणारा ताण, तो हातानेच पुन्हा काढी. नवे इंजिनिअर कुजबुजत, "हा स्वतःच्या लग्नाची पत्रिकाही दुरुस्त करून परत पाठवेल." तोही हसे.

ताईच्या घराचा हिशेब मात्र त्याने घरी बसून केला. नकाशात पाण्याची टाकी बीमच्या मधोमध होती. बीम वाकेल म्हणून त्याने ती खांबाजवळ सरकवली. वाकण्याचा हिशेब झकास बसला. पण भार खांबाकडे सरकला की तिथला शिअर वाढतो, लोखंडी रिंगा दाट बांधाव्या लागतात, हे त्यानेच किती जणांना शिकवलं होतं. नेमका तोच आकडा पुन्हा काढायचा राहिला. घरचंच तर काम! दोन्ही सह्या त्यानेच ठोकल्या.

चौथ्या वर्षी भर दुपारी खांबाजवळ बीम तिरका फाटला. खाली भावोजी पेपर वाचत बसले होते. ते जागीच गेले.

"रिंगा खाल्ल्या मेल्या गवंड्याने!" ताई येईल त्याला सांगे. "माझ्या भावाचा हिशेब चुकायचा नाही." भाऊ मान खाली घालून ऐके. गवंड्याला कुणी काम देईना. भावाला स्वतःची लाज वाटे, पण तो तोंड उघडत नसे.

वर्षभराने ताईने त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला. "नवा बीम टाकायचाय. हिशेब तूच कर. परक्यावर भरवसा नाही रे आता."

त्याने खिशातून जुन्या हिशेबाचा कागद काढला. "ताई, गवंड्याने काही खाल्लं नाही. मी लिहिल्या तेवढ्या रिंगा त्याने घातल्या. चूक माझी आहे. मी तपासलंच नाही."

ताईने कागद हातात घेऊन कोपऱ्यातल्या दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं.

"गवंडी आला होता," ती म्हणाली. "ताई, एकदा कागद तरी बघा, म्हणत होता. मी त्याच्या तोंडावर दार लावलं."

तिने कोरा कागद त्याच्यापुढून उचलला.

"चपला घाल. आधी त्याच्याकडे जाऊ. मग तू तुझ्या घरी जा, आणि परत माझ्याकडे येऊ नकोस."