आज्ञाबाई

आदिलाबादजवळच्या आमच्या इचोड्यात वीज गेली की बाकीच्या गल्ल्यांतले लोक फ्यूज बघत. आमच्या गल्लीतले लोक आज्ञाबाईंच्या दाराकडे बघत. त्या हमखास बाहेर यायच्या, पदर सारखा करायच्या आणि ओट्यावर बसून विचार करू लागायच्या, की आज आपल्या हातून देवाची कोणती आज्ञा मोडली. ट्रान्सफॉर्मर जळाला असेल, कुठे तार तुटली असेल, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. वीज जाते, तूरडाळ महागते, नवरा दारू पिऊन बायकोला मारतो, आदिलाबादची बस गच्च भरून येते आणि थांबतच नाही, या सगळ्याच्या मुळाशी त्यांच्या मते एकच गोष्ट होती: माणसानं देवाचं ऐकलं नाही. आज्ञाबाई हे नाव माझ्या वडिलांनी ठेवलेलं. पुढे ते इतकं रुळलं की दूधवालाही त्याच नावानं हाक मारायला लागला. त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही, म्हणजे त्यांनाही ते आवडत असावं.

त्या मिशनच्या बायबलबाई होत्या. म्हणजे घरोघर जायचं, आजाऱ्याजवळ बसायचं, बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, प्रार्थना करायची. नवरा कंपाउंडर होता, तो लवकर गेला. आमच्या घराच्या भिंतीला लागून त्यांची एक खोली होती. पांढरं लुगडं, खांद्याला कापडी पिशवी आणि बारा महिने काळी छत्री घेऊन त्या सकाळीच निघायच्या. कधी गुडीहत्नूरला, कधी आतल्या एखाद्या खेड्यात. आजाऱ्याच्या घरी गेल्या की पुस्तक लगेच उघडायच्या नाहीत. आधी त्या घरचे तांदूळ निवडून द्यायच्या, पोरांची नाकं पुसायच्या, आणि मग हळूच म्हणायच्या, "थोडं वाचू का?" तोवर नाही म्हणायची कुणाची छाती होत नसे.

आता जग बुडतंय कारण लोक पापी झाले, असं सांगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. असा एखादा तरी प्रत्येक गावात असतो आणि त्याचं बोट नेहमी शेजारच्या घराकडे असतं. आज्ञाबाईंचं बोट स्वतःकडे वळायचं. त्यामुळे त्यांचा राग येत नसे, थोडं हसू यायचं. त्यांची आवडती गोष्ट एका संदेष्ट्याची होती. देवानं त्याला एका शहरी जायला सांगितलं, तर हा पठ्ठ्या उलट्या दिशेच्या जहाजात बसून पळाला. समुद्रात वादळ उठलं, खलाशी रडकुंडीला आले, सामान पाण्यात फेकू लागले, आणि ज्याच्यापायी हे सगळं झालं तो खाली ढाराढूर झोपलेला. इथे आल्या की त्या थांबायच्या आणि समोरच्या बाईकडे बघून म्हणायच्या, "मोडली एकानं, भोगली साऱ्यायनं. म्हनून वादळ आलं का दुसऱ्याले नाही धराचं. आंदी पाह्याचं, झोपलेला मीच तर नाही?"

हे नुसतं बोलणं नव्हतं. गल्लीत एकदा कोंबडीवरून दोन घरांत डोकी फुटायची वेळ आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी या आमच्या दारात. आईला म्हणाल्या, "सुमनबाई, परवा तुमच्या शेवग्याच्या दोन शेंगा न इचारता तोडल्या. माफ करा." आईनं विचारलं, कोंबडीच्या भांडणाचा न् शेंगांचा काय संबंध? तर म्हणाल्या, ते मला काय माहीत, पण चोरी ती चोरीच. एकदा त्यांनी दूधवाल्याची माफी मागितली, कारण याच्या दुधात पाणी असतं असं त्या मनातल्या मनात म्हणाल्या होत्या. दुधात पाणी असायचंच. बिचारा इतका ओशाळला की पुढचा आठवडाभर त्यानं सगळ्या गल्लीला चांगलं दूध घातलं.

आमच्या घरात देवाला जागा नव्हती. वाडवडिलांनी दुसऱ्याच्या शेतात राबताना देवाच्या नावानं पुष्कळ सोसलेलं. वडील सकाळी बुद्धाला वंदन करून सरकारी मंडल कचेरीत कारकुनी करायला जात. संध्याकाळी ओट्यावर त्यांची आणि आज्ञाबाईंची जुंपायची. वडील म्हणत, विहिरी आटतात त्या देव रागावतो म्हणून नाही, वरच्या अंगाला कापूसवाल्यांनी बोअर मारल्या म्हणून. बाई जरा विचार करायच्या आणि म्हणायच्या, "मंग शेजाऱ्याच्या वाट्याचं त्यायनं घेतलं का नाही? तेच तर मी सांगून राह्यलो." अशा माणसाशी वाद तरी कसा घालायचा? एकदा वडिलांनी अगदीच कोंडीत पकडलं, तेव्हा त्यांनी तडजोड सुचवली. "तुमचे शील पाच, आमच्या आज्ञा दहा. तुमी पाच सांभाळा, मी दहा सांभाळतो. पंधरात गल्ली निभून जाईन." वडील हे वाक्य कचेरीत सगळ्यांना सांगत सुटले होते.

पण एवढ्या माफ्या मागणाऱ्या या बाईच्या खोलीत एक नाव निघत नसे. प्रमिला, त्यांची एकुलती एक मुलगी. ती शिवणकाम शिकली आणि बेल्लमपल्लीच्या खाणीत काम करणाऱ्या एका तेलुगू मुलाशी तिनं लग्न केलं. मुलगा हिंदू. ती चोरून गेली नाही. आईला सांगितलं, समजावलं, आणि जायच्या दिवशी पाया पडायला वाकली. आज्ञाबाई तेव्हा ओट्यावर शास्त्र वाचत बसल्या होत्या. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण मान वर करून पाहिलंही नाही. हे आईनं आमच्या दारातून पाहिलेलं. नंतर चर्चमध्ये त्यांनी सगळ्यांना एवढंच सांगितलं, की पोरगी पळाली.

देवाची आज्ञा मोडून मांडलेल्या घराचा उंबरा आपण चढायचा नाही, हीच आपली आज्ञापालनाची रीत, असं त्यांनी ठरवून टाकलं. वर्षं गेली. प्रमिलाला मुलगा झाला ही बातमी आईनं कुणाकडून तरी आणली आणि त्यांच्या कानावर घातली. "माह्ये तांदूळ उकळून राह्यले," म्हणून त्या उठून गेल्या. त्यांच्या खोलीत तेव्हा चूलही पेटलेली नव्हती. आईला एकच धास्ती होती, की या दोघींपैकी एक जण अशीच जाईल आणि दुसरी जन्मभर जळत राहील. एकदा तिनं न राहवून विचारलं, "साऱ्या गल्लीच्या दारात माफी मांगत फिरता, एका दारात काऊन नाही जात वो?" आज्ञाबाई आठ-दहा दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. आमच्याकडे वीज गेली तेव्हासुद्धा.

मग तो उन्हाळा आला. मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. गल्लीतलं बोरिंग एप्रिलातच आटत आलं. दांडा हाणून हाणून खांदे भरून यायचे आणि घागरीत गढूळ पाणी पडायचं. बायका एकमेकींच्या झिंज्या धरू लागल्या. तेव्हा चर्चनं उपास-प्रार्थना ठेवली आणि पाणी सगळ्यांचंच म्हणून साऱ्या गल्लीला बोलावलं. वडील काही आले नाहीत, त्यांनी टँकरसाठी कचेरीत दरखास्त लावली होती. आई आणि मी मात्र गेलो आणि मागच्या सतरंजीवर बसलो.

त्या प्रार्थनेची एक रीत होती. ज्यानं त्यानं उभं राहायचं आणि आपण मोडलेली आज्ञा आपल्या तोंडानं सांगायची, दुसऱ्याची नाही. कुणी खोटं बोलल्याचं सांगितलं, कुणी सासूला उपाशी ठेवल्याचं. एक बाई नुसतीच रडली आणि बसली. मग चर्चमधले एक वयस्कर गृहस्थ उठले आणि त्यांनी रीत मोडली. ते म्हणाले, आपल्याच घरातल्या मुली देवाची आज्ञा मोडून परक्या धर्मात पळून जातात, मग जमिनीत पाणी राहील कसं? त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. सगळ्यांच्या माना आज्ञाबाईंकडे वळल्या, कारण आज्ञा मोडल्यानं वादळ येतं हे त्या मंडळींना शिकवलं कुणी होतं? त्यांनीच. आता त्या 'आमेन' म्हणतील म्हणून सगळे थांबले.

आज्ञाबाई छत्रीचा आधार घेऊन उठल्या. मग म्हणाल्या, "प्रमिला गेली त्या साली बोरिंगले पानी व्हतं. त्याच्या पुढच्या सालीबी व्हतं."

मागे कुणी तरी खुदकन हसलं. त्या हसल्या नाहीत.

"पोरगी पळाली, असं मीच साऱ्यायले सांगितलं. ते खोटं हाये. ते सांगून गेली, पाया पडून गेली. देवानं मले एक लेकरू देल्लं व्हतं सांभाळाले, आन् मी शास्त्र उघडून त्याच्यामांगं लपलो. पळाली ते मी."

त्या खाली बसल्या. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मला मात्र त्या क्षणी त्यांची फार दया आली, कारण घरोघर सांगितलेल्या गोष्टीतला झोपलेला माणूस त्यांना इतक्या वर्षांनी सापडला होता आणि तोही चारचौघांत.

पुढच्या आठवड्यात टँकर आला. वडील ऐटीत म्हणाले, हा देवानं नाही, कचेरीनं पाठवला. आज्ञाबाई म्हणाल्या, ज्यानं कागदावर सही केली त्यानं आज्ञा पाळली म्हणायची. पण बोलण्यात नेहमीचा जोर नव्हता. आईनं ते ओळखलं आणि रविवारी त्यांना म्हणाली, "चाला, मी येतो संगं." तिला तेलुगू येत नसे, म्हणून मलाही निघावं लागलं.

उटनूर, आसिफाबाद करत बसनं बेल्लमपल्ली गाठेपर्यंत दुपार झाली. एरवी बसमध्ये शेजारच्या बाईचं माहेर-सासर काढणाऱ्या आज्ञाबाई सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होत्या. पिशवीत जवसाची चटणी होती, तेवढी मधूनमधून चाचपत होत्या. खाणकामगारांच्या क्वार्टरांच्या सारख्या दिसणाऱ्या ओळी, वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची बारीक भुकटी. विचारत विचारत घर सापडलं. प्रमिला नळावर भांडी घासत होती. तिनं आम्हाला पाहिलं, हात धुतले आणि पदराला पुसत तशीच उभी राहिली.

इतक्या लोकांच्या माफ्या मागितलेल्या बाईनं नुसती जवसाची चटणी पुढे धरली. शेवटी प्रमिलाच बोलली. आवाज चढला नव्हता, पण त्यात इतक्या वर्षांचं साचलेलं होतं. "आई, दूधवाल्यापासून साऱ्यायच्या दारात गेली तू. माह्या दारात याले इतके वर्सं लागले?"

आज्ञाबाई म्हणाल्या, "त्यायची माफी मांगनं सोपं व्हतं, पोरी. त्यायचं मी काही बिघडवलंच नव्हतं."

प्रमिला आत गेली आणि चहा ठेवला. थोड्या वेळानं जावई पहिल्या पाळीवरून परतला. गोंधळला, मग "अत्तम्मा" म्हणून सासूच्या पायाशी वाकला. पोरगा दाराआडून आजीकडे बघत राहिला. माफ केलं, असं काही प्रमिलाच्या तोंडून निघालं नाही. आम्ही मायलेकी चारच्या बसनं परत आलो. तिघी गेलो होतो, दोघीच आलो. आई वाटेत पदरानं डोळे पुसत होती, आणि विचारलं तर म्हणे धूळ गेली.

आज्ञाबाई मग तिकडच्याच झाल्या. महिन्याभरानं येऊन खोली रिकामी केली, गल्लीत सगळ्यांना भेटल्या आणि गेल्या. त्यांच्यामागे आमची गल्ली पोरकी झाली, हे मी अगदी उघड सांगते. वीज गेली की लोक नुसतेच वीजखात्याला शिव्या देऊ लागले. मी देव मानत नाही, पण वर्गात दंगा वाढला की छडी शोधण्याआधी क्षणभर थांबते आणि आज आपलं काय चुकलं ते बघते. बहुतेक वेळा काही तरी सापडतंच.

काही वर्षांनी त्या गेल्याचा निरोप आला. मी बेल्लमपल्लीला पोचले तेव्हा माती देऊन झाली होती. संध्याकाळी प्रमिला माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, मी तिला माफ केलं हे इतकी वर्षं बोलूनच दाखवलं नाही, आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही. शेवटच्या आजारात एक दिवस आईचे केस विंचरता विंचरता प्रमिलानं मन घट्ट केलं आणि म्हटलं, आई, माझ्या मनात तुझ्याविषयी काही उरलेलं नाही.

"तर म्हनाली, मले मालूम हाये. आली त्याच दिवशी समजलं मले. वापस जायची बस कितीची हाये, हे तूनं मले एकदाबी इचारलं नाही."