घोरपडीचं माप

आमच्या घरात कुणी नवी गाडी घेतल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे गाड्या यायच्या त्या दुसऱ्या गाडीला दोर बांधून. कुणाच्या गोदामात सडलेली, कुणाच्या झाडाखाली मुळं धरलेली, अशी एखादी दगडधोंड्यांतून चालणारी जुनी जीप अण्णा हुडकून आणायचे आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन वर्षांत ती पुन्हा उभी राहायची. अण्णा म्हणजे माझे वडील. ट्रकच्या गॅरेजात हेडमिस्त्री होते. सहा दिवस पोटासाठी गाड्या दुरुस्त करायच्या आणि सातव्या दिवशी हौसेसाठी, असा त्यांचा खाक्या. दादा वीजखात्यात, मी औषधाच्या दुकानात; पण रविवार उजाडला की आम्ही दोघंही अण्णांचे हमाल.

गोष्ट मात्र वहिनीची सांगायची आहे.

वहिनी शिंपीण. पुढच्या खोलीत तिचं मशीन. शाळेचे गणवेश शिवायचे, ढगळ कोट आत घ्यायचे, घट्ट झालेले सोडायचे, हे तिचं काम. उंची जेमतेम साडेचार फूट, आणि बोलणं त्याहून कमी. लग्न होऊन आली तेव्हा शेडशी तिचा संबंध फक्त जीपच्या ताडपत्रीपुरता. पहिलं छत तिने शिवलं तेव्हा अण्णा आत जाऊन बसले आणि मला वरून चार बादल्या पाणी ओतायला लावलं. बाहेर आले, डोक्यावरून हात फिरवला, कोरडा निघाला. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. अण्णांच्या तोंडून 'ठीक आहे' ऐकायला आम्हा भावांना वर्षं लागायची.

अण्णांची सगळ्यात लाडकी गाडी म्हणजे घोरपड. पेट्रोलवर चालणारी, राखाडी रंगाची, अण्णांपेक्षा चारच वर्षांनी लहान. कसलाही चढ असो, चिकटून वर जायची, म्हणून हे नाव. एका वर्षी आम्ही तिच्या स्प्रिंगचे पाटे बदलून तिला चार बोटं उंच केली, दगडांवर पोट घासू नये म्हणून. उंच झाल्यावर ती मोठी ऐटीत दिसायला लागली, पण वेग चाळीसच्या वर गेला की हिवताप भरल्यासारखी थरथरायची.

तीन रविवार गेले. चाकं अदलाबदल करून पाहिली, इंजिनाखालचे रबर नवे टाकले. दादा मला बोल लावायचा, मी दादाला, आणि अण्णा दोघांना मिळून. चौथ्या रविवारी वहिनी चहा घेऊन आली. गाडी स्टँडवर चढवलेली होती. ट्रे तसाच हातात धरून ती वाकली आणि बराच वेळ खाली बघत राहिली. चहावर साय धरली.

"बाही फिरलीय," ती म्हणाली.

"काय फिरलंय?" दादाने विचारलं.

"मागच्या चाकांकडे जाणारा तो लांब दांडा आहे ना, त्याचे या टोकाचे कान आडवे आहेत आणि त्या टोकाचे तिरके. शर्टाला बाही फिरून लागली की असंच होतं. कापड चांगलं, शिलाई चांगली, पण हात हलवला की ओढतं."

दादा हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. अण्णा हसले नाहीत. पाठीवर सरकत ते गाडीखाली गेले आणि बाहेर आले ते थेट माझ्याकडे बघत. तो दांडा मी मधून सोडवला होता, ग्रीस भरून परत जोडला होता आणि जोडताना खूण बघायची विसरलो होतो. दांड्याचे दोन भाग एकमेकांत दोन दाते फिरून बसले होते.

अण्णांनी पाना उचलला. मला दिला नाही, दादाला दिला नाही. वहिनीपुढे धरला.

"तूच उसव," ते म्हणाले.

त्या दुपारी घोरपड साठच्या वेगाने गेली आणि मागच्या सीटवर ठेवलेला चहाचा ट्रेसुद्धा वाजला नाही.

तेव्हापासून वहिनी शेडमध्येच असायची. दादाच्या जुन्या पँटी तिने स्वतःच्या मापाला कापल्या आणि गाडीखाली शिरायला लागली. तिला आमच्यासारखं अंग आखडून घ्यावं लागायचं नाही. ती सरळ शिरायची आणि सरळ निघायची. अण्णांनी तिला वेल्डिंग शिकवलं. पहिला जोड पाहून ते म्हणाले, "शाईत पाय बुडवून कोंबडी पळाली काय यावरून?" ती चिडली नाही. भंगारातले तुकडे घेऊन रोज दुपारी गणवेशांच्या मधल्या वेळात जोड मारत बसायची. दोन वर्षांनी तिचा जोड असा यायचा, की अण्णा त्यावरून बोट फिरवायचे आणि बोट पुढे नेऊन आम्हा दोघांना दाखवायचे.

मग अण्णा पडले. शेडचा पत्रा बदलताना शिडी सरकली आणि डाव्या गुडघ्याचा चुरा झाला. ऑपरेशन झालं, पाय वाचला, पण गुडघा कायमचा सरळ राहिला. कुबडी सुटली, काठी आली. चालता यायचं, पण क्लच दाबणं संपलं होतं.

शेडमध्ये येणं त्यांनी बंद केलं. आम्ही हाका मारायचो, ते म्हणायचे, "पेपर वाचतोय." पेपर कालचा असायचा. एक दिवस जेवताना ते दादाला म्हणाले, "घोरपडीला गिऱ्हाईक बघ. उभी राहून गंजेल बिचारी."

दादा मान खाली घालून म्हणाला, "बघतो."

वहिनी वाढत होती. तिने भांडं खाली ठेवलं, पुढच्या खोलीत गेली आणि मापाची टेप गळ्यात घालून परत आली.

"अण्णा, जेवण झालं की खुर्चीत बसा. माप घ्यायचंय."

"कसलं? कोट शिवतेस की कफन?"

"गाडी शिवतेय."

तासभर तिने त्यांचं माप घेतलं. सरळ पाय किती उचलला जातो, बसताना किती जागा अडवतो, कंबर किती वळते. रद्दीवाल्याकडून मागून आणलेला ताणकाटा त्यांच्या डाव्या हाताच्या चार बोटांत अडकवला आणि आवळायला सांगितलं. काटा सातावर थांबला. क्लच दाबायला लागायचा वीस किलोंचा जोर.

"पायाचं काम हाताला द्यायचं," वहिनीने आम्हाला सांगितलं. "गिअरच्या दांड्यावरच एक मूठ बसवायची, मोटरसायकलला असते तशी. मूठ आवळली की क्लच दाबला जाईल, त्याच हाताने गिअर बदलायचा. उरलेले तेरा किलो दुसऱ्या कुणीतरी उचलायचे."

"दुसरं कोण?" मी विचारलं.

ते 'दुसरं कोण' भंगारात सापडलं. एका मोडलेल्या व्हॅनच्या ब्रेकला लावलेला गोल डबा. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर हा डबा माणसाच्या जोरात स्वतःच्या जोराची भर घालतो. दादाने तारा ओढल्या, मी पट्ट्या कापल्या, जोड वहिनीने मारले. क्लचचा पेडल काढला तिथे सरळ पायाला ऐसपैस जागा झाली. सीट मागे सरकवली, दाराचा उंबरा कापून खाली घेतला.

अण्णा खिडकीतून बघायचे. आम्ही वर पाहिलं की पेपर वर जायचा.

पहिल्या चाचणीला मी बसलो. मूठ आवळली, गिअर टाकला, मूठ सोडली आणि घोरपडीने बेडकासारखी उडी मारली. माझं कपाळ काचेवर आपटलं. पुन्हा केलं, पुन्हा उडी. मूठ सोडली की हवा भसकन डब्यात शिरायची आणि क्लच एका झटक्यात सुटायचा. दादा म्हणाला, "हे काही जमायचं नाही." आठवडाभर तसंच राहिलं.

वहिनी मशीनवर बसून विचार करत होती. गणवेशाची बाही शिवताना धागा सैल पडला, तिने सवयीने मशीनच्या पुढची चकती पिळली आणि तिथेच थांबली. धागा सोडायचा, पण सांभाळून सोडायचा, हेच तर ती चकती करते. अर्धवट बाही मशीनवर टाकून ती शेडमध्ये आली. डब्यात हवा शिरायच्या तोंडावर तिने एक बारीक स्क्रू बसवला. पिळला की वाट अरुंद, सैल केला की मोकळी. अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, सारी सकाळ हेच चाललं होतं. शेवटी घोरपड जागेवरून अशी हलली, की ती निघाल्याचं मला शेडचं दार मागे जाताना दिसलं तेव्हा कळलं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. अण्णा दारात उभे होते.

"उतर," ते मला म्हणाले.

बदल केलेली गाडी सरकारी तपासणीला न्यावी लागते. तिथला साहेब घोरपडीखाली वाकून बराच वेळ पाहत होता. त्याने स्वतः मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. मग एकेका जोडावर टॉर्च मारला.

"कुणी केलंय हे काम?"

"माझ्या सुनेनं," अण्णा म्हणाले.

"इंजिनिअर आहेत?"

"शिंपीण आहे," अण्णांनी मान ताठ करून सांगितलं. "अंगावर बसेपर्यंत सोडत नाही."

साहेबाने वहिनीकडे पाहिलं, डब्याचं चित्र कागदावर काढून मागितलं आणि सही केली.

पुढच्या रविवारी आम्ही खाणीच्या जुन्या रस्त्यावर गेलो. अण्णा गाडी चालवत होते, वहिनी शेजारी, आम्ही दोघं मागे. ऐन चढावर, जिथे खडी पायाखालून निसटते तिथे, अण्णांनी मुद्दाम गाडी थांबवली. दादाने माझा दंड धरला. अण्णांनी मूठ आवळली, पहिला गिअर टाकला आणि हळूहळू बोटं उघडली. घोरपड एक वीतही मागे न सरता वर चढली. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, पण हात मुठीवरून काढला नाही.

"ठीक आहे?" वहिनीने विचारलं.

 अण्णांनी मान डोलावली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्याला आता सहा वर्षं झाली. लोक लांबून येतात. कुणाचा हात अधू, कुणाची पाठ, एक बाई तर वहिनीपेक्षाही ठेंगणी. वहिनी आधी प्रत्येकाला खुर्चीत बसवते आणि टेप काढते. गाडी नंतर बघते.

यंदा जुन्या जीपवाल्यांचा मेळावा होता. चाळीसेक गाड्या ओळीत उभ्या होत्या, आणि घोरपडीभोवती गर्दी. कुणीतरी अण्णांना विचारलं, "काका, तुम्ही आणि मुलांनी मिळून बनवलीत का?"

"छे!" अण्णा म्हणाले. काठी उचलून त्यांनी वहिनीकडे रोख धरला. "मिस्त्री ही." मग काठी आमच्याकडे वळली. "हे दोघे हिच्या हाताखाली असतात. कामाला बरे आहेत."

दादाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आम्हा दोघांचीही छाती फुगली होती. तोवर वहिनी गर्दीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाला घोरपडीच्या सीटवर बसवून त्यांचा पाय कुठवर पोचतो ते बघत होती.