सगळ्यात खालचं मॉडेल

आमचा दादा काय काम करतो, हे सांगताना मी आधी फार मिरवायचे. आता कुणी विचारलं की "नोकरी करतो" एवढंच सांगते.

तो छोट्या गाड्यांच्या किमती ठरवतो. गाडी बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे. ती कितीला विकायची हे हा काचेच्या खोलीत बसून ठरवणार. एका गाडीसाठी तीन वर्षं मरमर मेला. मागचा वायपर काढला, रेडिओ काढला, चाकांच्या टोप्या काढल्या, आणि सगळ्यात खालच्या मॉडेलची किंमत एवढी उतरवली की पेपरातली पानभर जाहिरात लोक दोनदा वाचायचे. बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कात्रण खिशात घालून फिरायचे आणि दूधवाल्यालासुद्धा थांबवून सांगायचे, "ही किंमत आमच्या मुलाने ठरवली."

बाबा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. जन्मभर परीक्षानळ्या धुतल्या, जन्मभर सायकल दामटली. आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी हा माणूस फिरायला जातो सांगून गाडी शिकायला जायला लागला. शिकवणारा वैतागायचा, "काका, रस्त्याकडे बघा, गिअर कुठे पळून जात नाही." पण शिकले. परवाना हातात आला त्याच दिवशी मला घेऊन शोरूममध्ये गेले आणि सगळ्यात खालच्या मॉडेलसाठी नाव नोंदवून आले.

"दादाला एक अक्षर बोलायचं नाही," त्यांनी मला बजावलं. "लोक म्हणतील, बापाने ओळखीवर गाडी घेतली. मी चारचौघांसारखी रांगेतून घेणार, आणि थेट त्याच्या ऑफिसच्या फाटकात नेऊन उभी करणार."

मी तोंडाला कुलूप लावलं. कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे.

कारण रांग नव्हतीच. मला हे नंतर कळलं, तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. ते मॉडेल विकण्यासाठी नव्हतं, गिऱ्हाईक आत बोलावण्यासाठी होतं. किंमत वाचून माणूस यायचा. मग त्याला सांगायचं, याला वेळ लागेल हो, त्यापेक्षा मधलं घ्या, आठवड्यात देतो. बहुतेक लोक मधल्यावर चढायचे, आणि कंपनीचा नफा त्या मधल्यातच. खालच्या गाड्या नावापुरत्याच बनवायच्या, ही युक्ती दादाची. तिच्यावर त्याला बढतीही मिळाली. घरी मात्र त्याने "किंमत माझी" एवढंच सांगितलं होतं.

बाबा दर महिन्याला जायचे आणि वाटाण्याच्या अक्षता घेऊन परत यायचे. "पुढच्या महिन्यात नक्की म्हणालेत." मी चिडून दादाला फोन करते म्हणाले, की डोळे वटारायचे. आठव्या महिन्यात बाबा गेले. सकाळी चहा पिता पिता, ध्यानीमनी नसताना.

पंधरा दिवसांनी कपाट आवरताना मी नोंदणीची पावती दादापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. त्याने तारीख वाचली, मॉडेल वाचलं आणि मटकन खाली बसला. मला वाटलं, आठवणीने बसला असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शोरूममध्ये गेलो. तिथला विक्रेता भला माणूस होता. "काकांना किती समजावलं मी, मधलं घ्या. परवडत नाही म्हणाले. आणि किंमत छापली आहे म्हणजे गाडी असणारच, असंही म्हणाले."

"कधी येणार होती?" दादाने विचारलं.

विक्रेत्याने आवाज खाली आणला. "खरं सांगू का साहेब, येणारच नव्हती. वरून तसं पत्रकच आहे."

"ते पत्रक मी लिहिलंय," दादा म्हणाला.

परत येताना त्याने मला सगळं सांगितलं, मी न विचारता. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. संताप संताप होत होता, त्याचा आणि माझाही. एक फोन पुरला असता. आठ महिन्यांत मी तो केला नाही.

जेवताना आईने विचारलं, "काय म्हणाले शोरूमवाले?" बाबांनी तिला सगळं सांगितलेलं होतं, तिच्यापासून लपवून ठेवणं त्यांना कधी जमलंच नाही.

"त्या गाड्या संपल्या होत्या आई," दादा म्हणाला.

"होय का?" आईला जरा हलकं वाटल्यासारखं दिसलं. "यांना वाटायचं, आपले कपडे बघून देत नाहीत. बाकीचे येतात आणि आठवड्यात गाडी घेऊन जातात, म्हणायचे. म्हणून शेवटच्या खेपेला शेजारच्यांचा कोट मागून घालून गेले होते. बाह्या लांब होत्या, मीच आत दुमडून टाके घालून दिले."

दादा ताटावरून उठला, मोरीत गेला आणि नळ सोडला. तरी त्याचं रडणं ऐकू येत होतं.

"जा गं, बघ त्याला," आई म्हणाली.

माझा सख्खा भाऊ आहे तो. पण मी उठले नाही.